अण्णाला कळलं होतं का

पत्र आलं तेव्हा मी मेथी निवडत होतो. निवृत्त माणसाला घरात जी कामं मिळतात त्यातलं हे एक. बायकोनं पाकीट माझ्यासमोर धरलं आणि म्हणाली, "तुमचं आहे. रुग्णालयाच्या पत्त्यावर जाऊन फिरून आलंय. आता कोण तुम्हाला पत्र लिहितंय?"

आत वहीतून फाडलेला एक कागद होता. अक्षर मोठं, शाळा मध्येच सुटलेल्या माणसाचं असतं तसं. आधी माझी खुशाली विचारली होती. मग अण्णांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, असं होतं. शेवटी दोन ओळी: 'सर, अण्णाला कळलं होतं का? तुम्हाला ठाऊक असेल तर कळवा.' खाली नाव, शालन.

"काय म्हणतायत?" बायकोनं विचारलं.

"काही नाही. खुशाली."

त्या दिवशी मी पानं आणि देठं एकाच ताटात टाकली. ती पुन्हा निवडत बसली.

त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. उत्तर माहीत नव्हतं असं नाही.

मिरजेच्या त्या रुग्णालयात मी लागलो तेव्हा माझं वय चाळिशी ओलांडलेलं होतं आणि हुद्दा मात्र नव्या पोराचा: असोसिएट सायकॉलॉजिस्ट. त्याआधी कॉलेजात शिकवायचो. वर्गासमोर उभं राहिलं की मागच्या बाकावर कुणी खाकरलं तरी वाक्य तुटायचं. रुग्णालयात एका वेळी एकच माणूस समोर असतो, अशी स्वतःची समजूत घालून मी नोकरी बदलली होती. आमच्या विभागात बशीर मुजावर नावाचे समाजसेवक होते. माझ्या दारावरची पाटी वाचून ते म्हणाले, "उपळेकर, ते 'असोसिएट' काढा हो. पेशंटला वाटतं, अर्धाच डॉक्टर आहे."

"अर्धाही नाही," मी म्हटलं.

ते हसले. मी विनोद केला नव्हता.

आमचा गट किडनी बदलण्याच्या शस्त्रक्रियांचा. किडनीचे डॉक्टर मगदूम प्रमुख. शस्त्रक्रिया डॉक्टर पारसनीस करायचे. वॉर्ड सिस्टर रूथ यांच्या ताब्यात. घरच्यांची चौकशी आणि समजूत मुजावरांकडे. आणि मनाची बाजू शैलजा हुद्देदार बघायच्या, मी त्यांच्या हाताखाली. किडनी देणारं माणूस बहुतेक घरातलंच असायचं. आई, बायको, बहीण. ते मनापासून देतंय की कुणी पाठीमागून रेटतंय, हे आम्ही ओळखायचं. त्यासाठी त्याला एकट्यालाच भेटायचं, दार लावून. मग शुक्रवारी सगळ्यांनी एकत्र बसून आपापलं मत सांगायचं. एकानं जरी 'नाही' म्हटलं तरी शस्त्रक्रिया होत नसे.

त्या आठवड्यात हुद्देदारबाईंच्या आईला बेळगावात दवाखान्यात ठेवलं. निघताना त्या म्हणाल्या, "इचलकरंजीचे चौगुले आलेत. बहीण देणार आहे. तुम्हीच बघा."

"मी एकटा?"

"उपळेकर, माझ्या दुप्पट पुस्तकं वाचलीत तुम्ही."

तीच तर भीती आहे, असं मला सांगायचं होतं. तोवर त्यांची रिक्षा फाटकाबाहेर पडली होती.

भूपाल चौगुले यांचं इचलकरंजीत सायझिंग होतं, म्हणजे मागावर चढण्याआधी सुताला खळ देतात तो कारखाना. दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. डायलिसिसच्या मशीनवर दिवस चालले होते, पण ते सोसत नव्हतं. मध्येच रक्तदाब कोसळायचा, एकदा तर शुद्धच हरपली होती. बायकोचा रक्तगट जुळत नव्हता, आईवडील हयात नव्हते. जुळत होती ती धाकटी बहीण, शालन. विधवा होती. लहान मुलगी घेऊन भावाकडेच राहायची.

ती आली तेव्हा बरोबर वहिनी होती आणि चुलते होते. चुलत्यांना सगळे तात्या म्हणत. उंच, रुंद माणूस, पांढरी टोपी. वहिनी शालनचा पदर सारखा करत सांगत होती, "सरांना सगळं नीट सांग हं. घाबरू नको." तात्या आत येऊन खुर्चीवर बसलेसुद्धा.

"त्यांना एकटीलाच भेटायचं असतं," मी म्हणालो.

"काय म्हणला?"

माझा आवाजच फुटला नव्हता. मी पुन्हा म्हणालो.

"अहो, ती बोलायला बिचकती. आमी बसतो की हितंच. तुमचं तुमी इचारा."

दारातून सिस्टर रूथ जात होत्या. त्या थांबल्या. "तात्या, बाहेर या. नियम आहे. माझ्या नवऱ्याला पण मी आत सोडत नाही."

"त्यो मागत असंल का आत यायला?" तात्या उठता उठता म्हणाले.

"तो सुखात आहे. चला."

दार लागलं. शालन खुर्चीच्या कडेवर बसली. मी काही विचारण्याआधीच म्हणाली, "मी माझ्या मर्जीनं अण्णाला किडनी देणार हाय. कुणी जबरदस्ती केल्याली न्हाई."

"बरं. जेवण झालं का तुमचं?"

"मी माझ्या मर्जीनं अण्णाला किडनी देणार हाय," ती म्हणाली. मग तिच्याच ध्यानात आलं आणि ती खाली बघत राहिली.

मला पुढचा प्रश्न सुचेना. असं व्हायचंच माझं. हुद्देदारबाई लोकांना सांगायच्या, उपळेकरांना गप्प बसायचं तंत्र साधलंय. तंत्र कसलं? समोरचा माणूस घाबरला की मीही घाबरायचो आणि माझं डोकं रिकामं व्हायचं. बाहेर तात्यांच्या वहाणांचा आवाज येत होता, इकडून तिकडे, तिकडून इकडे.

बऱ्याच वेळानं तीच बोलली. "पूर्ण झोपवत्यात का?"

"हो. काही कळत नाही."

"मग उठवतंय कोण?"

"भूल देणारे डॉक्टर असतात. ते शेवटपर्यंत शेजारीच थांबतात."

"आमच्या ह्यांच्याजवळ पण हुते थांबल्याले." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "अपेंडिक्स हुतं. साधंच. आत जाताना मला म्हणले, भडंग करून ठेव, दवाखान्याचं अळणी जेवण मला जाणार न्हाई. मी तितनं घरी गेली. भडंग केलं. डबा घिऊन आली तर सगळे नुसते उभे."

मी पुस्तकातली सगळी वाक्यं आठवत होतो. त्यातलं एकही तिला म्हणण्याजोगं नव्हतं. शेवटी हुद्देदारबाईंनी शिकवलेला एक प्रश्न होता, तो विचारला. हा प्रश्न त्या नेहमी अखेरीला ठेवायच्या.

"समजा, शेवटच्या तपासणीत असं निघालं की तुमची किडनी अण्णांना चालणार नाही. तर?"

तिनं मान वर केली. आल्यापासून पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"असं हुतंय?" ती म्हणाली. "सर, असं खरंच हुतंय का?"

तिचा चेहरा मला आजही नीट सांगता येणार नाही. कोंडलेल्या खोलीत कुणी खिडकी उघडली की माणूस त्या बाजूला वळतो, तसा तो झाला. मग तिचं तिलाच कळलं. दोन्ही हात तोंडावर गेले.

"मी हो म्हणलंय," ती हातांआडून म्हणाली. "हो म्हणलंय मी. तसंच सांगा."

"घरी कुणी काही बोललं का तुम्हाला?"

"न्हाई. तेच की. कुण्णी काय बोललं न्हाई. वहिनी आताशा आधी मला वाढती. अण्णा तर माझ्याकडं बघतच न्हाई. ताट घिऊन गेलं तरी भिंतीकडं तोंड. तो वाईट असता तर पोरीला घिऊन कवाच निघाली असती मी." ती थांबली. "मी न्हाई म्हणली तर तो मरंल. आणि मी त्याच्याच घरात बसून जेवणार. सर, तुमी काय बी बोलू नका."

"मी बघतो," मी म्हणालो. यापेक्षा भित्रं वाक्य मराठीत नसेल.

बाहेर तात्या उभेच होते. शालन वहिनीबरोबर पुढे गेल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं. "काय म्हणली आमची पोरगी?"

"ते सांगता येत नाही."

"बरं. तुमी शिकल्याली माणसं." त्यांनी आवाज चढवला नाही. "माझा पुतण्या हाय आत. त्याच्या कारखान्यावर पंचवीस घरं जगत्यात. तुमच्या एका शब्दावर हाय म्हणं सगळं. म्हणून म्हणलं, तुमचं तोंड बघून ठेवावं."

ही धमकी होती की विनवणी, मला अजून ठरवता आलेलं नाही. मनगट मात्र त्यांनी लवकर सोडलं नाही.

शुक्रवारपर्यंत मी तेच ते मनात घोळवत राहिलो. किडनी देणारं प्रत्येक माणूस घाबरतं. ज्यांनी आनंदानं दिली तीही आदल्या दिवशी रडलेली मी पाहिली होती. घाबरणं म्हणजे नकार नव्हे, हे पहिल्याच आठवड्यात मला शिकवलं होतं. मग तिच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं ते काय होतं? की माझीच भीती तिच्या तोंडावर दिसली मला? मी आयुष्यभर घाबरत आलेला माणूस. मला जिकडे तिकडे भीती दिसणारच. आणि माझं चुकलं तर भूपाल चौगुले मरणार. माझं चुकलं नाही तरी तो मरणारच होता, कदाचित. हे 'कदाचित' मला झोपू देत नव्हतं.

बैठक मगदूमांच्या खोलीत झाली. मगदूम म्हणाले, रक्त जुळतंय. पारसनीस म्हणाले, बाईची तब्येत उत्तम, भावाची रोज ढासळतेय, पुढच्या आठवड्यातच करू. सिस्टर रूथ म्हणाल्या, "तपासणीला दोन दिवस वॉर्डात होती. सांगितलं की उठते, सांगितलं की झोपते. मला असे पेशंट आवडत नाहीत. थोडी तरी कटकट करावी माणसानं." मुजावर म्हणाले, घर चांगलं आहे, मारझोड नाही, जाच नाही, बाई बोलत मात्र नाही.

सगळे माझ्याकडे वळले.

"मला थोडी... म्हणजे शंका आहे," मी म्हणालो.

"तिनं हो म्हटलं की नाही?" पारसनीस.

"हो म्हटलं."

"मग?"

मी सांगितलं. नवऱ्याचं सांगितलं. तो प्रश्न विचारल्यावर तिनं वर कसं बघितलं, तेही सांगितलं. सांगताना ते इतकं क्षुल्लक वाटायला लागलं की मी मध्येच थांबलो.

"म्हणजे ती घाबरलीय," पारसनीस म्हणाले. "साहजिक आहे. माझ्या घरात असं झालं असतं तर मीही घाबरलो असतो. मग ती भीती घालवा ना, उपळेकर! त्यासाठीच तर तुम्हाला ठेवलंय. की आम्ही भूल देऊन घालवायची?"

पारसनीस वाईट माणूस नव्हते. भूपालला वाचवायची त्यांना घाई होती आणि त्या घाईत काहीही चूक नव्हतं. शिवाय ते म्हणत होते ते बरोबर होतं. भीती घालवता येते. मी त्यावर कॉलेजात दोन वर्षं शिकवलं होतं.

मगदूमांनी चष्मा काढून पुसला. "उपळेकर, तिला परत एकदा भेटा. आत्ताच. आम्ही थांबतो."

"आत्ता?"

"मी चहा सांगतो तोवर."

मी निघालो. शालन वॉर्डामागच्या नळावर भावाच्या जेवणाचा डबा घासत होती. शेजारी कुणी नव्हतं. मी थोडा लांबच उभा राहिलो.

"शालनताई," मी म्हणालो, "मी त्या दिवशी तुमचं ऐकून घेतलं, पण काही बोललो नाही. ही जी भीती आहे ना, ती कमी करता येते. मी मदत करीन. रोज थोडं बोलू. भूल देणाऱ्या डॉक्टरांना भेटू, ती खोली आधी बघून येऊ. आधी घाबरलेले पुष्कळ जण नंतर..."

"नको," ती म्हणाली.

तिनं नळ बंद केला. डबा हातात तसाच.

"सर, ती घालवू नका. ती गेली तर न्हाई म्हणायला माझ्याकडं काय उरतंय?"

मला वाटलं, ती रडेल. रडली नाही. डब्याच्या झाकणातली राख अंगठ्यानं काढत राहिली. "अण्णानं मला संभाळलंय. माझ्या पोरीचं सगळं तोच बघतोय. मला न्हाई म्हणायचा हक्कच न्हाई. पर ही भीती हाय न्हवं, ती कुणाचं ऐकत न्हाई. तेवढीच एक माझ्या बाजूनं हाय." मग अगदी हळू म्हणाली, "तुमी ती काढून घेतली तर मी जाईन आत. हसत जाईन. मग मी उठली काय आणि न्हाई उठली काय."

मी जिना चढून परत आलो. खोलीत चहाचे कप रिकामे झाले होते. माझा कप बशीनं झाकून ठेवला होता.

"माझं मत 'नाही'," मी म्हणालो.

"कारण?" पारसनीस.

ती जे बोलली ते मी जसंच्या तसं सांगितलं. माझ्या शब्दांत सांगायला गेलो असतो तर मला ते जमलंच नसतं. सिस्टर रूथ खिडकीकडे बघायला लागल्या.

"आणि भूपालचं काय?" पारसनीसांनी विचारलं. आता त्यांचा आवाजही खाली आला होता. "सांगा की. त्याचं काय?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

मगदूम उठले. "ठीक आहे. या खोलीतून एकच वाक्य बाहेर जाईल."

ती आमच्या गटाची रीत होती. देणाऱ्याची इच्छा नसली तर घरच्यांना इच्छेबद्दल अक्षर सांगायचं नाही. तपासणीत जमलं नाही, एवढंच सांगायचं. बैठकीत कोण काय म्हणालं, कुणी 'नाही' म्हटलं, काही नाही. बाहेर गेलं तर त्या माणसाला घरात जगणं मुश्कील होईल. आम्ही आपापसातसुद्धा तो विषय पुन्हा काढत नसू.

"तिच्या किडनीला दोन रक्तवाहिन्या आहेत, जोडणं धोक्याचं, असं सांगा," पारसनीस म्हणाले. ते दाराकडे जायला निघाले होते. "अशा असतात पुष्कळांना. लोकांना पटतं." आणि माझ्याकडे न बघता गेले.

मगदूमांनी व्हरांड्यात घरच्यांना सांगितलं. मी भिंतीला टेकून मागे उभा होतो. वाक्य पुरं झालं आणि शालननं हंबरडा फोडला. मोठ्यानं. "मी अभागी गं, वहिनी! माझी किडनी बी अभागी!" वॉर्डातले लोक दारात आले. वहिनीनं तिला कवेत घेतलं. "तुझा काय दोष गं. तू तर देत होतीस. देवानंच न्हाई दिलं." तात्यांनी टोपी काढून तोंड पुसलं. मग त्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली आणि थांबली. मी माझ्या खोलीत जाऊन आतून कडी घातली. असोसिएट सायकॉलॉजिस्ट.

पुढच्या डायलिसिसच्या वेळी सिस्टर रूथ माझ्या दाराशी आल्या. "चौगुले बोलावतायत."

"मगदूमसाहेबांना सांगा ना."

"त्यांना नाही. तुम्हाला. मनाचे सर पाहिजेत म्हणाले."

मला पळून जायचं होतं. ज्याच्या हातातलं मी काढून घेतलं होतं त्या माणसासमोर उभं राहायचं, त्याला ते ठाऊक नसताना. किंवा असताना. कुठलं जास्त वाईट, ते चालता चालता ठरेना.

भूपाल चौगुले पलंगावर पडले होते. डाव्या हातातून रक्ताच्या नळ्या मशीनकडे गेलेल्या. मशीनची घरघर. चेहरा पिवळट, पायांवर सूज. मला बघून त्यांनी उजव्या हातानं स्टूल दाखवलं.

"बसा सर. इथं मोठ्यानं बोललेलं पण कुणाला ऐकू येत नाही, मशीनमुळं." मग म्हणाले, "शालन नाही म्हणाली ना?"

"तपासणीत," मी म्हणालो, "दोन रक्तवाहिन्या..."

"ते मगदूमांनी सांगितलं. तुम्ही सांगू नका, तुम्हाला जमत नाही." ते किंचित हसले. "परवा व्हरांड्यात रडली ती मला वॉर्डात ऐकू आली. सर, शालनला ती पाळण्यात असल्यापासून मी बघतोय. ती खरं रडती तेव्हा आवाज येत नाही. नवरा गेला तेव्हा बारा दिवस आवाज नव्हता. परवा एवढी ओरडली तेव्हाच म्हणलं, सुटली."

मी काहीच बोललो नाही. गटाची रीत मोडायची नव्हती. पण न बोलण्यातूनही त्यांना हवं ते मिळालं असावं.

"तिच्या नवऱ्याच्या ऑपरेशनला डॉक्टर म्हणाले, घरच्यांची सही पाहिजे. ती भीत होती. मी म्हणलं, साधं ऑपरेशन आहे शालन, कर सही. माझ्या सांगण्यावरनं केली तिनं." नळीकडे बघत ते म्हणाले, "आणि आता तिला म्हणणार, माझ्यासाठी पण कर? म्हणून तिच्याकडं बघवत नव्हतं मला."

"मग तुम्हीच नको म्हणायचं होतं," माझ्या तोंडून निघून गेलं. निघाल्यावर मी दचकलो.

"व्हय की." त्यांना राग आला नाही. "पण मला जगायचं आहे सर. चाळीस वर्षांचा आहे मी. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगतो नको म्हणून. बायको समोर आली की जीभ उचलायची नाही. ती हो म्हणंल याची भीती वाटायची आणि नाही म्हणंल याची पण. कुणीतरी तिसऱ्यानंच काय ते करून टाकावं असं वाटत होतं." त्यांनी डोळे मिटले. "ते तुम्ही केलं. बरं झालं. परवा रात्री मला झोप लागली."

मशीननं शीळ घातली. सिस्टर रूथ आल्या, कसलं तरी बटण दाबून, माझ्याकडे एकदा बघून गेल्या.

"एक कबूल करा," भूपाल म्हणाले. "मला कळलंय हे तिला कधी कळू देऊ नका. कळलं तर माझ्या घरात तिला घास जाणार नाही. ती माझ्या घरात आहे तोवर तरी."

"नाही कळू देणार," मी म्हणालो. आणि का कोण जाणे, त्यांच्या मोकळ्या हातावर हात ठेवला. तो गार होता. माझाही गारच असेल.

ते काही वर्षं मशीनवर जगले. दुसरी किडनी मिळाली नाही. गेल्याचं मला मुजावरांनी सांगितलं. त्या दिवशी मी घरी जाऊन काही वाचायला घेतलं आणि एकच पान धरून बसलो. आपल्या एका 'नाही'नं एक माणूस गेला, की एक बाई राहिली, याचा हिशेब मला लागला नाही. अजूनही लागत नाही. पारसनीसांचा प्रश्न मला आजही ऐकू येतो.

शालनचं पत्र आलं ते मी निवृत्त झाल्यानंतर. पत्रावरचा पत्ता इचलकरंजीचाच होता, भूपालच्या घरचा. उत्तर कुणाच्या हाती पडेल, कोण फोडेल, कोण वाचून दाखवेल? आणि मी तर कबूल केलं होतं. 'नाही कळलं' असं लिहावं तर ते खोटं. 'कळलं होतं' लिहावं तर ती त्याच घरात, त्याच स्वयंपाकघरात. मी लिहायला बसायचो आणि उठायचो. मग लिहायला बसणंही सोडलं.

गेल्या महिन्यात पोस्टकार्ड आलं. तेच मोठं अक्षर, आता थोडं थरथरलेलं. 'मी लेकीकडं सातारला राहायला आले. कायमची. पत्ता असा आहे.' बाकी काही नाही. प्रश्न पुन्हा विचारलेला नव्हता.

मी चार दिवस कागद फाडत होतो. पहिल्या कागदावर भीतीबद्दल इतकं लिहिलं होतं की मला माझ्याच कॉलेजातल्या टिपणांचा वास आला. दुसऱ्यात मी तिला क्षमा केल्यासारखं लिहून बसलो. क्षमा करणारा मी कोण? शेवटी बायको म्हणाली, "अहो, तिनं काय विचारलंय, तेवढंच सांगा की." तिनं पत्र कधी वाचलं, हे मी विचारलं नाही.

तेवढंच लिहिलं.

'शालनताई, हो. अण्णांना कळलं होतं, त्याच दिवशी. तुम्ही व्हरांड्यात मोठ्यानं रडलात त्यावरून त्यांनी ओळखलं. तुमच्या यजमानांच्या वेळी सही त्यांच्या सांगण्यावरून झाली होती, ते त्यांना खात होतं. तुमच्याकडून किडनी घ्यायची त्यांना भीती वाटत होती आणि न घ्यायचीही. बरं झालं, मला झोप लागली, असं ते म्हणाले. हे तुम्हाला सांगायचं नाही असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं, तुम्ही त्यांच्या घरात आहात तोवर. म्हणून उशीर झाला. आपला, मा. वि. उपळेकर.'

पाकीट घेऊन आज सकाळी कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीपर्यंत गेलो. हात पेटीच्या तोंडाशी नेला आणि परत घेतला. वाचून ती रडेल, आणि आवाज येणार नाही, हे मला दिसत होतं. मागे एक शाळकरी मुलगी सायकल धरून उभी होती. "आजोबा, टाकताय ना?" ती म्हणाली.

"टाकतो," मी म्हणालो, आणि पाकीट सोडलं. पेटी रिकामी असावी. तळाला पडल्याचा आवाज स्पष्ट आला.